चेअरमनचं मत

धाकटीच्या सासरी पंखा कितीवर ठेवायचा यावरसुद्धा मतदान व्हायचं.

दुसऱ्यांच्या घरात भांडणं होतात, आदळआपट होते, कुणीतरी तोंड फुगवून बसतं. इथं हात वर व्हायचे. संडासाच्या दाराला रंग कुठला, टीव्हीवर मॅच की मालिका, सोफा टाकायचा की अजून एकदा शिवून घ्यायचा, सगळं हात मोजून. ही खोड सासऱ्याची. सासरा बस डेपोत होता आणि तिथल्या युनियनचा पुढारी होता. रिटायर झाल्यावर डेपो सुटला, पण सभा घ्यायची खाज काही सुटली नाही. मग त्यानं घराचीच युनियन केली. गल्लीत सगळे त्याला चेअरमन म्हणायचे. घरचे तोंडावर बाबा म्हणायचे आणि पाठीमागं चेअरमनच.

नियम सोपे होते. जो या घरात जेवतो त्याला मत. बरोबरी झाली तर चेअरमन म्हणेल ते. आणि हरलेल्यानं जेवणावर राग काढायचा नाही.

धाकटी या घरात आली तीही निवडून. लग्न ठरवताना मतदान झालं होतं आणि ती काठावर पास झाली होती. विरोधात कोण होतं ते तिला कुणी सांगितलं नाही, पण जाऊ पहिल्या दिवसापासून इतकी गोड बोलायला लागली की तिनं काय ते ओळखलं. एकदा तिनं नवऱ्याला विचारलं, "तू कुणाच्या बाजूनं होतास?"

"मी तटस्थ होतो," तो म्हणाला.

स्वतःच्या लग्नात तटस्थ. असा तो माणूस. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. दिवसभर लोकांना वरखाली पाठवायचा आणि स्वतः कायम दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला.

तर हा चेअरमन आता आयसीयूत पडला होता. फुप्फुसं कामातून गेली होती. आयुष्यभर बसचा धूर घेतला आणि तो कमी पडेल की काय म्हणून वर सिगारेटचा. गेलं वर्षभर हॉस्पिटलच्या वाऱ्या... म्हणजे जायचा, सुधारून यायचा. सुधारून म्हणजे काय, तर गेला होता त्याहून थोडा कमी होऊन यायचा. आधी जिना सुटला, मग गल्ली सुटली, मग बाथरूमपर्यंत जाताना भिंत धरायला लागला. घरचे प्रत्येक वेळी म्हणायचे, "आला की नाही सुटून?" जसा काही जेलमधून आलाय.

मागच्या वेळी तो आला तेव्हा धाकटी भांडी घासत होती आणि तो शेजारी स्टुलावर बसून ती पुसत होता. एक ताटली पुसायची आणि दोन दम खायचे. त्यात तो म्हणाला, "पुढच्या वेळी मला तिकडं टाकू नका. काय दम लागायचा तो इथंच लागू दे."

धाकटीनं हे सगळ्यांना सांगितलं होतं. थोरला दीर म्हणाला, "आजारी माणूस काहीही बोलतो." जाऊ म्हणाली, "कंटाळले असतील." लांबच्या गावी असलेली नणंद फोनवर म्हणाली, "ते नसतील कंटाळले. तू कंटाळली असशील."

त्यावर धाकटीनं फोन ठेवला आणि एक कप फोडला. चुकून नाही.

आणि पुढची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याला तिकडंच टाकलं. धाकटीही गाडीत मागं बसून त्याचं डोकं धरून होती. म्हातारा निळा पडत असताना कुणाला मत मांडायला सुचतं?

आता त्याच्या तोंडावर मास्क बांधला होता. मशीन त्यातून हवा मारायचं आणि गाल फुगायचे. दोन्ही हात पट्टीनं पलंगाच्या दांड्याला बांधले होते, कारण हात मोकळा सापडला की तो मास्क ओढून काढायचा.

"बघ कसा लढतोय," थोरला काचेतून बघत म्हणायचा. थोरल्याचं टायरचं दुकान होतं आणि जगातली कुठलीही गोष्ट हवा भरली की चालायला लागते असा त्याचा ठाम विश्वास होता. "हार मानणारं रक्तच नाही आपलं."

"मास्क काढायला बघतायत ते, भाऊजी," धाकटी म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. ताकद बघ केवढी आहे."

आता याला काय बोलणार. म्हातारा शांत पडला तर आराम पडतोय, तडफडला तर लढतोय. त्यानं काहीही केलं असतं तरी थोरल्याला जे ऐकायचं होतं तेच ऐकू आलं असतं.

त्या सकाळी डॉक्टरनं सगळ्यांना बोलावलं. डॉक्टर तरुण होता, डोळे सुजलेले, हातात कायम अर्धा प्यायलेला चहा. आठवडाभर रोज नवीन डॉक्टर यायचे. किडनीवाला म्हणायचा, किडनी छान. हार्टवाला म्हणायचा, हार्ट त्यांच्या वयाच्या मानानं फारच छान. रक्तवाला म्हणायचा, कालच्यापेक्षा आकडे बरे. सगळे पार्ट झकास होते, नुसता माणूस मरत होता, आणि माणसाचा डॉक्टर काही कुणाला सापडत नव्हता.

"मास्कवर आता भागत नाहीये," सुजलेल्या डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला. "घशातून नळी घालून मशीनवर घ्यावं लागेल. संध्याकाळपर्यंत सांगा."

"मग बरे होतील?" धाकटीनं विचारलं.

"बघू. करून तर बघायला पाहिजे."

"आणि नाही केलं तर?"

डॉक्टरनं तिच्याकडं असं बघितलं की जणू तिनं लिफ्ट आडवी जाते का असं विचारलंय. "नाही केलं तर... म्हणजे, इथं सगळ्यांना तसंच करतात."

"पण बाबांना काही सांगू नका हं डॉक्टर," थोरला घाईनं म्हणाला. हे तो पहिल्या दिवसापासून म्हणत होता. "धीर सोडतील."

डॉक्टरनं मान हलवली. डॉक्टरलाही बरंच पडत होतं. रोज पलंगाशी जायचं, "छान, छान" म्हणायचं आणि पुढच्या पलंगाकडं वळायचं. तसं धाकटीनं तरी काय वेगळं केलं होतं? ती रोज सकाळी मास्कवरून वाकून म्हणायची, "बाबा, आज चेहरा टवटवीत दिसतोय." चेहरा जुन्या साबणासारखा दिसत असायचा. म्हातारा डोळे मिटून घ्यायचा. खोटं ऐकायला डोळे लागत नाहीत.

सगळे खाली कँटीनमध्ये आले आणि तेवढ्यात दोन पिशव्या सावरत नणंद आली. तिच्याकडं एका पिशवीत तऱ्हेतऱ्हेच्या शक्तीच्या पावडरी होत्या आणि दुसऱ्या पिशवीत रस काढायचं मशीन. बापाच्या तोंडावर मास्क, आणि हिनं गाजराच्या रसाची सोय करून आणलेली.

"मी असते तर ही वेळ आली नसती," ती बसायच्या आधी म्हणाली.

"नव्हतात म्हणून आली असेल," धाकटी म्हणाली.

"झालं का सुरू?" जाऊ म्हणाली. "अगं, त्या आत्ता प्रवासातून आल्यात."

थोरल्यानं चमच्यानं ग्लास वाजवला. चेअरमन नसला की सभा थोरला चालवायचा आणि चालवताना बापासारखीच मान तिरकी करायचा. "विषय एकच. बाबांना वाचवायचं की मरू द्यायचं? वाचवायच्या बाजूनं हात वर."

टेबलावरचे हात वर गेले. धाकटीचाही हात टेबलावरून उचलला गेला, आणि अर्ध्यात आला तेव्हा तिला कळलं की आपल्याला कुणीतरी गंडवतंय.

धाकटी चष्म्याच्या दुकानात होती. दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर काच फिरवायची आणि विचारायची, आता बरं दिसतं की मगाशी? "आता" हा शब्द जरा लाडानं म्हटला की दहातले नऊ जण आताच बरं म्हणतात, काच तीच असली तरी. मालकानंच शिकवलं होतं. महागडी काच खपवायची असली की तसंच विचारायचं.

तिनं हात खाली घेतला. "प्रश्न चुकलाय, भाऊजी."

"काय चुकलं त्यात?"

"असं विचारल्यावर मरू द्या कोण म्हणेल? असं विचारा की, बाबांना घशात नळी घालून, हात बांधून इथं ठेवायचं, की घरी न्यायचं. घ्या मत."

"घरी न्यायचं म्हणजे मारायचंच की," नणंद म्हणाली.

"आणि नळी घातली की काय होईल, वन्सं? डेपोत रुजू होणार आहेत का?"

"अगं, असं कसं बोलतेस," जाऊनं आजूबाजूच्या टेबलांवर नजर टाकली. "लोक काय म्हणतील? म्हणतील, नळी नको म्हणाले, म्हातारा जड झाला, खोली मोकळी करून हवी होती."

खोलीचं नाव अजून कुणी काढलं नव्हतं. जाऊनं आपणहून काढलं, तेव्हा धाकटीनं ओळखलं की खोलीत काय ठेवायचं ते जाऊचं ठरवून झालंय आणि त्याचंच पाप तिला नळीनं फेडायचंय.

थोरल्यानं टेबलावर बोट आपटलं. "आपण एवढं केलं. एवढ्या सुया, एवढ्या तपासण्या. बाबांच्या हाताची चाळणी झाली. ते सगळं पाण्यात घालायचं? आता मागं फिरायचं?"

"म्हणजे हाताची चाळणी झाली म्हणून आता घशाची करायची."

"पोस्टमन विसरलीस का? आपल्या गल्लीतला. तो होता की नाही मशीनवर? सगळ्यांनी आशा सोडली होती. आज सायकल चालवतो."

"पोस्टमन तिशीतला आहे. त्याला ट्रकनं उडवलं होतं. त्याचं फुप्फुस कोरं करकरीत होतं, भाऊजी."

"मशीन तर तेच होतं ना?"

"आणि त्याच्या शेजारच्या पलंगावर होते त्यांचं काय झालं?"

"ते मला काय माहीत?"

"नाहीच माहीत. कारण ते गल्लीतून सायकलवर जात नाहीत."

नवरा चहात बिस्किट बुडवून बसला होता. ते तुटून आत पडलं. तो चमच्यानं काढत बसला. धाकटीनं त्याच्याकडं बघितलं, पण त्याला बिस्किटाचं काम होतं.

मग नणंद रडायला लागली. नुसतं रडणं असतं तर धाकटीनं नाक मुरडलं असतं, पण नणंद रुमालात बोलली, "इतके दिवस येते येते म्हणत राहिले. आता आले तर तुम्ही न्यायला निघालात. मला थोडे दिवस तरी मिळू देत."

धाकटीला पहिल्यांदाच तिची कीव आली, आणि मग त्याचाच राग आला. सगळे म्हाताऱ्यासाठी नळी मागत होते आणि प्रत्येकाला ती स्वतःसाठी पाहिजे होती. एकीला उशीर झाला होता, एकीला लोकांची भीती होती, एकाला हरायचं नव्हतं.

"बाबांनाच विचारूया," ती म्हणाली. "त्यांचं मत आहे की नाही?"

हे कुणाला सुचलंच नव्हतं. ज्या घरात पंख्यावर मतदान व्हायचं, त्या घरात ज्याचा घसा त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"नियम काय आहे?" जाऊ हळूच म्हणाली. "जो घरात जेवतो त्याला मत. बाबा सध्या घरात कुठं जेवतात?"

धाकटीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण थोरला मान तिरकी करून विचार करत होता. खरंच करत होता.

"मग वन्संना कसं मत?" धाकटीनं विचारलं. "त्या तर वर्षभरात जेवल्या नाहीत आपल्याकडं."

"मी घरी जाऊन मगच आले इथं," नणंद डोळे पुसत म्हणाली. "ब्रेड खाल्ला ना सकाळी."

"ब्रेड म्हणजे नाश्ता."

"नाश्ता धरायचा," थोरल्यानं निकाल दिला. त्याला ते मत हवं होतं. "पण सलाईनचं सांगता येत नाही. सलाईन हे काही जेवण नव्हे. आपण आधी यावर हात घेऊ, की सलाईन धरायचं का नाही."

वर माणूस हवेसाठी तडफडतोय आणि खाली त्याचा मुलगा सलाईन जेवणात मोडतं का यावर सभा भरवतोय. आणि वाईट हे की हे सगळं त्या माणसानंच शिकवलेलं. धाकटी खुर्ची मागं सरकवून उठली, आता काय फेकावं ते शोधत, तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"ब्रेड चालतो तर सलाईन पण चालायला पाहिजे."

नवरा होता. त्यानं बिस्किटाचा लगदा बशीच्या कडेला काढून ठेवला होता. सगळे त्याच्याकडं बघायला लागले, तसा तो कानापर्यंत लाल झाला आणि परत चमचा हातात घेतला.

"बरं," थोरला म्हणाला. "विचारा. काही बिघडत नाही. बाबा काय म्हणणार ते मला माहीतच आहे."

भेटायची वेळ दुपारची होती. पाच जण एकदम आत घुसलेले बघून सिस्टर आडवी आली. "एवढे जण नाही."

"मीटिंग आहे," थोरला म्हणाला आणि पुढं झाला.

म्हातारा जागा होता. मास्कच्या वरून डोळे सगळ्यांवरून फिरले, नणंदेवर थांबले आणि भरले. नणंदेनं त्याचे पाय धरले. धाकटीनं सिस्टरला विचारून उजव्या हाताची पट्टी सोडली. मनगटावर लाल वळ उठला होता. हात लगेच मास्ककडं निघाला. तिनं तो धरला.

"बाबा, थांबा जरा. मतदान आहे."

मतदान म्हटल्यावर म्हातारा थांबला. सवय ती सवय.

थोरला वाकला आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं म्हणाला, "बाबा, तुम्हाला बरं व्हायचंय ना? असेल तर हात वर करा."

हात थरथरत वर गेला.

"झालं," थोरला सरळ उभा राहिला. "बघितलंत?"

"बाबा," धाकटीनं लगेच विचारलं, लाडाचा आवाज लावून, अगदी महागडी काच खपवतात तसा, "आपल्या घरी जायचं का? आपल्या पलंगावर?"

हात परत वर गेला.

"दोन्हीला हो," जाऊ म्हणाली. "त्यांना काही कळत नाहीये. उगाच त्रास देऊ नका."

"मत बाद," थोरला म्हणाला.

मग धाकटीला एक सुचलं. "बाबा, भाऊजींना चेअरमन करायचं का? असेल तर हात वर."

हात हलला नाही. नुसता हलला नाही असं नाही, तो हळूच चादरीखाली गेला.

नणंद रडता रडता फसकन हसली. सिस्टरनं तोंड फिरवलं. थोरल्याचं तोंड उतरलं, आणि त्या क्षणी त्याच्याही लक्षात आलं असणार की बापाला सगळं कळतंय. गेला आठवडाभर कळत होतं.

आता धाकटीला खरा प्रश्न विचारायचा होता. तिला माहीत होतं तो कसा विचारला की काय उत्तर येतं. जिभेवर तयार होता. घरी या, आम्ही तुमची वाट बघतो, असं म्हटलं असतं की झालं असतं काम. आणि मग ती आणि थोरला यांच्यात फरक काय राहिला असता, तर थोरल्याला विकता येत नाही आणि हिला येतं, एवढाच.

ती खाली वाकली. लाडाचा आवाज सोडून दिला.

"बाबा, फुप्फुसं परत बरी होणार नाहीत. आम्ही खोटं बोलत होतो. मीपण." तिचा आवाज फाटला, तिनं तो तसाच पुढं रेटला. "हे लोक घशातून नळी घालून मशीनवर घेणार म्हणतात. त्यानं थोडे दिवस जास्त मिळतील, कदाचित. बोलता येणार नाही. घरी यायला मिळेल असं मला वाटत नाही. नळी नको म्हणालात तर घरी नेऊ. दम लागू नये म्हणून औषध मागू. पण मग लवकर जाल. नळी हवी असेल तर हात वर करा. खरंच हवी असेल तर करा, आम्ही करू."

म्हातारा तिच्याकडं बघत राहिला. मशीन हवा मारत होतं, गाल फुगत होते, बसत होते. हात चादरीखालीच राहिला.

"घाबरलेत ते," थोरला म्हणाला, पण हळू.

"आणि घरी?" धाकटीनं विचारलं.

हात बाहेर आला. वर गेला. कोपर थरथरत होतं, तरी तो खाली घेईना. सभेत मोजणारा हळू मोजत असला की जसा हात धरून ठेवतात तसा धरून राहिला.

"ठीक आहे, एक मत," थोरला म्हणाला. "धाकटीचं एक. दोन. आम्ही तिघं. तीन. बहुमत..."

त्यानं वाक्य पुरं केलं नाही, कारण पलंगाच्या पायथ्याशी डॉक्टर येऊन उभा होता, गार चहा घेऊन. "हे पूर्ण शुद्धीत आहेत?" त्यानं विचारलं. "यांना कळतंय सगळं?"

"तुमच्यापेक्षा जास्त," धाकटी म्हणाली.

"मग मतदान कसलं करताय तुम्ही? यांना कळतंय तर यांनाच विचारायचं असतं."

"मग तुम्ही का नाही विचारलंत?"

डॉक्टर थोरल्याकडं बघायला लागला आणि थोरला डॉक्टरकडं. एकानं सांगू नका म्हटलं म्हणून दुसऱ्यानं विचारलं नव्हतं, आणि दुसरा विचारत नव्हता म्हणून पहिल्याला वाटलं विचारायचं नसतं. डॉक्टरनं चहा खाली ठेवला. स्टूल ओढलं. आठवड्यात पहिल्यांदाच तो त्या पलंगाशी बसला.

तो काय विचारणार तोच म्हाताऱ्यानं मोकळ्या हातानं मास्क बाजूला केला. सिस्टर पुढं झाली, डॉक्टरनं तिला थांबवलं.

"घरी," म्हातारा म्हणाला. दम खाल्ला. मग थोरल्याकडं बघून म्हणाला, "सभा... संपली."

घरी न्यायला दोन दिवस लागले, कारण आत घ्यायची पद्धत हॉस्पिटलात सगळ्यांना पाठ होती, असं बाहेर सोडायची कुणालाच नव्हती. डॉक्टरनं दम लागू नये म्हणून औषध दिलं, कसं द्यायचं ते नवऱ्याला शिकवलं. नवऱ्याचा हात अजिबात थरथरला नाही. यंत्राच्या आत बोटं घालायची सवय असलेला माणूस.

गल्लीत लोक भेटायला आले. थोरला दारात उभा राहून सांगत होता, "मी डॉक्टरला सरळ म्हणालो, बास. आता बाबांचा छळ नको. माणसानं कुठं थांबायचं ते ओळखलं पाहिजे." पोस्टमन सायकल लावून ऐकत होता. जाऊ आत सांगत होती की तिचं पहिल्यापासून हेच म्हणणं होतं. आणि वाईट म्हणजे दोघं खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच आठवत होतं.

मग पलंग कुठं ठेवायचा यावर मतदान झालं. म्हाताऱ्यानं रस्त्याकडच्या खिडकीकडं बोट दाखवलं. तिथून डेपोला जाणाऱ्या बस दिसायच्या.

"खिडकीत नको," थोरला म्हणाला. "वारं येतं. सर्दी होईल."

धाकटीनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो मनापासून बोलत होता.

"सर्दी छातीत उतरते," नणंद म्हणाली. जाऊनं मान डोलावली. हात वर झाले. म्हातारा आणि धाकटी हरले. नवरा तटस्थ. म्हाताऱ्यानं काही कुरकुर केली नाही. नियम त्याचाच होता. पलंग आतल्या भिंतीला, कपाटाशेजारी लागला, आणि तो कपाटाकडं बघत पडला.

दुसऱ्या दिवशी थोरला दुकानात गेला, जाऊ आणि नणंद बाजारात गेल्या. धाकटीनं पलंगाचा उशाकडचा पाय धरला आणि ओढायला लागली. पलंग जागचा हलेना. ती परत जोर लावणार तेवढ्यात पायथ्याकडची बाजू उचलली गेली. नवरा होता. दोघांनी मिळून म्हाताऱ्यासकट पलंग खिडकीला नेऊन लावला.

"मतदान नाही?" म्हाताऱ्यानं दमादमानं विचारलं.

"नाही," धाकटी म्हणाली. "दादागिरी."

म्हातारा हसला. हसण्यानं खोकला आला, खोकल्यानं दम लागला, नवऱ्यानं औषध दिलं, दम बसला. मग तो बस बघत राहिला आणि कुठली किती उशिरा धावतेय त्याबद्दल मधूनच शिव्या देत राहिला. संध्याकाळी थोरल्यानं पलंग परत भिंतीला न्यायला बघितलं, पण म्हाताऱ्यानं खिडकीचा गज सोडला नाही.

त्याच आठवड्यात, दुपारी, तो गेला. कुणी बांधलं नव्हतं, कुठं काही वाजत नव्हतं. नणंद त्याचा हात धरून बसली होती आणि तिला कळायलाही जरा वेळ लागला.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. थोरला मधोमध बसला होता, डोळे लाल, खरंच रडून लाल. कुणीतरी विचारलं, कसे गेले? त्यानं मान तिरकी केली, खिडकीकडं हात केला आणि म्हणाला, "मी म्हणत होतो. तिथं नको, वारं येतं म्हणून. माझं कोण ऐकतं?"

लोकांनी धाकटीकडं बघितलं. नवऱ्यानंही बघितलं, तिच्या हाताशी काय फेकण्यासारखं आहे ते.

धाकटी उठली. माणसांमधून वाट काढत खिडकीशी गेली आणि अर्धी लोटलेली होती ती सताड उघडली.